अरुणाचलात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: परवान्यापासून चुलीपर्यंत

अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा निघालो तेव्हा मी दहा दिवसांत तवांग, झिरो आणि मेचुका अशी तीन ठिकाणे बसवली होती. नकाशावर ती एकमेकांपासून वीतभरही लांब दिसत नव्हती. प्रत्यक्षात तवांगहून झिरोला जाताना आसामच्या मैदानात उतरून पुन्हा नव्याने डोंगर चढावा लागला, मेचुका राहूनच गेले आणि दहापैकी चार दिवस गाडीच्या खिडकीतून आसामचे चहाचे मळे पाहण्यात गेले. त्यानंतर आणखी तीन वेळा तिकडे जाणे झाले. दर वेळी कोणीतरी नवखा मराठी प्रवासी भेटला आणि त्याने माझ्याच चुका केलेल्या पाहिल्या, म्हणून हे सगळे एकदा क्रमाने लिहून काढत आहे.

१. तिकिटे काढण्याआधी नकाशा वाचा

अरुणाचल प्रदेशाचे क्षेत्रफळ ८३,७४३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडे अधिक आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार तिथे जेमतेम १३ लाख ८४ हजार माणसे राहतात. पश्चिमेला भूतान, उत्तरेला तिबेट, पूर्वेला म्यानमार आणि दक्षिणेला आसाम अशी त्याची चतुःसीमा आहे. नेफा (नॉर्थ-ईस्ट फ्रंटियर एजन्सी) या नावाने १९५४ पासून ओळखला जाणारा हा मुलूख १९७२ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाला आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य झाला.

प्रवाशाच्या दृष्टीने या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे नद्यांची दिशा. कामेंग, सुबनसिरी, सियांग, दिबांग आणि लोहित या मोठ्या नद्या उत्तरेकडून खाली येतात आणि ब्रह्मपुत्रेच्या मैदानात उतरतात. आसामचे मैदान म्हणजे फणीची पाठ आणि या दऱ्या म्हणजे तिचे दाते, असे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. एका दात्यावरून दुसऱ्यावर थेट जाणारे रस्ते थोडे आहेत आणि जे आहेत ते फार वेळ खातात, त्यामुळे बहुतेक वेळा पाठीवर उतरूनच पुढे जावे लागते. म्हणून आठ दिवस हाताशी असतील तर एकच दरी निवडावी आणि पंधरा असतील तर दोन. तिसऱ्या दरीचा मोह आवरावा.

प्रवेशाच्या जागाही दरीप्रमाणे बदलतात. तवांगकडे जाणारे गुवाहाटी किंवा तेजपूरहून भालुकपोंग गाठतात. झिरोसाठी गुवाहाटीहून नाहरलगूनपर्यंत रेल्वे आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये होलोंगीचा दोन्यी पोलो विमानतळ सुरू झाल्यापासून इटानगरला थेट उतरण्याचीही सोय झाली आहे. पूर्वेकडच्या रोइंग, अनिनी, नामसाई किंवा नामदाफासाठी दिब्रुगड हे सोयीचे ठाणे आहे. ९.१५ किलोमीटर लांबीचा ढोला-सदिया पूल २०१७ मध्ये खुला झाला आणि तिकडचा होडीवर अवलंबून असलेला प्रवास बराच सुटसुटीत झाला.

२. कोणाच्या घरी जात आहोत हे जाणून घ्या

‘अरुणाचली संस्कृती’ अशी एक संस्कृती तिथे नाही. २६ प्रमुख जमाती आणि शंभरांहून अधिक पोटजमाती या राज्यात राहतात, आणि एक खिंड ओलांडली की भाषा, घराची बांधणी, देव आणि ताटातले पदार्थ बदललेले असतात. हे ध्यानात न घेता गेलेला पाहुणा तवांगला ऐकलेला शब्द झिरोत वापरतो आणि समोरचा माणूस सभ्यपणे हसून गप्प बसतो.

पश्चिमेला तवांग आणि दिरांग भागात मोन्पा राहतात. ते तिबेटी परंपरेचे बौद्ध आहेत. तवांगचा मठ १६८०-८१ च्या सुमारास मेराक लामा लोद्रे ग्यात्सो यांनी स्थापन केला, आणि सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो यांचा जन्म १६८३ मध्ये तवांगजवळच्या उर्गेलिंग येथे झाला. मोन्पांच्या खालच्या अंगाला शेरदुक्पेन, आका, मिजी आणि बुगुन या छोट्या जमातींची गावे आहेत. आपल्याकडचे प्रवासी त्यांच्या अंगणातून जातात आणि त्यांची नावेही न विचारता पुढे सरकतात, हे मला नेहमी खटकते.

मधला मोठा पट्टा न्यिशी, आपातानी, तागिन, गालो आणि ‘आदी’ या जमातींचा आहे. हे सगळे अबो तानी या एकाच मूळ पुरुषाचे वंशज असल्याचे मानतात, आणि यांच्यातील पुष्कळ लोक दोन्यी-पोलो, म्हणजे सूर्य आणि चंद्र, यांना साक्षी मानणारा धर्म पाळतात. पांढऱ्या कापडावर लाल सूर्य असलेला झेंडा घरावर दिसला तर तो या धर्माचा समजावा. शेजारच्याच घरावर क्रूस असेल आणि दोन्ही घरे एकाच कुळाची असतील, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

पूर्वेला इदू, दिगारू आणि मिजू हे तीन मिश्मी समूह आहेत. नामसाईच्या सपाट भागात थेरवादी बौद्ध खामती आणि सिंगफो राहतात. सिंगफो लोक चहाची पाने भाजून बांबूच्या नळीत ठासतात आणि ती नळी चुलीवरच्या धुरात ठेवतात. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला आसामच्या रानातल्या चहाची ओळख झाली ती बिसा गाम या सिंगफो प्रमुखाकडून. आग्नेय टोकाला तांगसा, नोक्ते आणि वांचो आहेत. वांचो भाषेला तर अगदी अलीकडे बानवांग लोसू या शिक्षकाने स्वतः घडवलेली लिपी मिळाली आहे.

इतक्या भाषांमधला पूल म्हणजे अरुणाचली हिंदी. ‘आप लोग किधर से आया? हम लोग कल जाएगा’ असा तिचा थाट असतो. तिथे ही गावोगावच्या माणसांना जोडणारी, पूर्ण वाढलेली बोली आहे, म्हणून तिचे व्याकरण सुधारायला जाऊ नये.

३. इनर लाइन परमिट काढा

भारतीय नागरिकालाही अरुणाचलात शिरण्यासाठी परवाना लागतो, आणि त्याचे मूळ १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनमध्ये आहे. इंग्रजांनी आपल्या व्यापारी हितासाठी आखलेली ही रेषा आज स्थानिकांच्या जमिनी आणि लोकसंख्येचे संरक्षण करते, त्यामुळे चेकगेटवर उभे राहून ‘आपल्याच देशात परवाना कशाला?’ असा वाद घालणे वायफळ आहे. मी तो वाद घालणारे पाहिले आहेत, आणि त्यांच्यामागे अडकून उभाही राहिलो आहे.

अर्ज राज्य सरकारच्या ई-आयएलपी (इनर लाइन परमिट) संकेतस्थळावर करता येतो. छायाचित्र, ओळखपत्राची प्रत, प्रवासाच्या तारखा, भेटीची ठिकाणे आणि शुल्क एवढे भरले की परवाना ऑनलाइन मिळतो. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी आणि शिलाँग येथील अरुणाचल सरकारच्या कार्यालयांतूनही तो काढता येतो. परदेशी नागरिकत्व असलेल्यांना, म्हणजे आपल्या परदेशस्थ नातेवाइकांपैकी ज्यांनी पासपोर्ट बदलला आहे त्यांनाही, हा परवाना चालत नाही. त्यांना प्रोटेक्टेड एरिया परमिट वेगळे काढावे लागते आणि त्याच्या अटीही वेगळ्या आहेत.

इथले सापळे असे आहेत. पहिला सापळा नावाचा आहे. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. ती आधारवर एका क्रमाने, मतदार ओळखपत्रावर दुसऱ्या क्रमाने आणि तिकिटावर मधले पद गाळून छापलेली असतात. माझ्या एका सहप्रवाशाच्या परवान्यावर आडनाव आधी आले होते आणि ओळखपत्रावर शेवटी. एका चेकगेटवर त्यापायी दीड तास गेला. परवाना ज्या ओळखपत्रावर काढला तेच सोबत ठेवावे आणि नाव त्यावर आहे तसेच अक्षर न् अक्षर भरावे.

दुसरा सापळा तारखांचा आहे. परवाना ठरावीक दिवसांचाच असतो, आणि पावसाळ्यात एक दरड कोसळली की दोन दिवस सहज वाढतात. परतीच्या तारखेपुढे दोन-तीन दिवस मोकळे धरूनच अर्ज करावा. तिसरा सापळा ठिकाणांचा आहे. ‘जमले तर जाऊ’ अशी जी जागा मनात आहे तीही अर्जात लिहून टाकावी. चौथा सापळा दलालांचा. गुवाहाटीत एका एजंटाने आमच्याकडून परवान्यासाठी शुल्काच्या कितीतरी पट रक्कम घेतली आणि शेवटी तोच ऑनलाइन अर्ज भरून हातात कागद ठेवला.

४. सोबत काय न्यावे

कागदांमध्ये परवान्याच्या पाच-सहा छापील प्रती, मूळ ओळखपत्र आणि त्याच्या तितक्याच प्रती, तसेच पासपोर्ट आकाराची चार छायाचित्रे घ्यावीत. फोनमधली पीडीएफ नेमकी गेटवर उघडत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कुटुंबातील प्रत्येक माणसाचे नाव परवान्यावर आहे याची घरीच खात्री करावी.

रोख रक्कम भरपूर ठेवावी. जिल्ह्याच्या गावी एटीएम असते, पण त्यात पैसे असतीलच असे नाही, आणि यूपीआय जिथे नेटवर्क आहे तिथेच चालते. आपले प्रीपेड सिमकार्ड तिकडे चालते, मात्र एकाच कंपनीवर भिस्त न ठेवता दोन वेगवेगळी सिमकार्डे नेलेली बरी. मुक्कामाला पोहोचेपर्यंत पुष्कळदा वीज गेलेली असते, म्हणून विजेरी आणि पॉवर बँक पिशवीत वरच ठेवावी.

कपड्यांत तवांग किंवा अनिनीसाठी गरम कपड्यांचे थर हवेतच, शिवाय कोणत्याही ऋतूत पावसाचा कोट हवा. खालच्या रानांत जळवा असतात, त्यांच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे घ्यावेत. त्याहून त्रासदायक म्हणजे डिमडाम नावाची चिमुकली माशी. ती चावलेली कळत नाही, पण काळा ठिपका उरतो आणि खाज आठवडाभर जात नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा हाच तिच्यावरचा खरा उपाय आहे. पायथ्याच्या पट्ट्यात हिवतापाचा धोका असतो, त्याबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

५. कधी जावे

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सर्वसाधारणपणे चांगला. जून ते सप्टेंबर या महिन्यांत रस्ते वाहून जातात, आणि ‘थोडा रिमझिम पाऊस’ ही आपली सह्याद्रीतली कल्पना तिथे उपयोगी पडत नाही.

सण पाहायचा असेल तर तारीख आधी ठरवावी आणि दरी त्यानुसार निवडावी. इदूंचा रेह फेब्रुवारीच्या सुरुवातीला, न्यिशींचा न्योकुम २६ फेब्रुवारीला, गालोंचा मोपिन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, खामतींचा सांगकेन एप्रिलच्या मध्यावर, आपातानींचा द्री ५ जुलैला आणि आदींचा सोलुंग १ सप्टेंबरच्या सुमारास येतो. मोन्पांचा लोसार तिबेटी पंचांगाप्रमाणे फेब्रुवारी-मार्चमध्ये सरकत राहतो. आपातानींचा म्योको मार्चमध्ये असतो आणि त्याचे यजमानपद गावांच्या तीन गटांकडे आळीपाळीने जाते. माझ्या मते, मैदानात मांडव घालून, सत्काराची भाषणे करून साजरे होणाऱ्या सरकारी सोहळ्यापेक्षा म्योकोत एखाद्या घरी बसणे कितीतरी पटींनी मोलाचे आहे. पण तिथे डुकरांचा आणि कोंबड्यांचा बळी दिला जातो. ते पाहवणार नसेल तर त्या दिवसांत जाऊ नये, आणि गेल्यावर तोंड फिरवून नाराजी दाखवू नये.

६. गाडी आणि वेळ

सार्वजनिक वाहतुकीचा कणा म्हणजे वाटून घ्यायची टाटा सुमो. तिची काउंटरे बाजारात असतात, जागा आदल्या दिवशी दुपारीच नोंदवावी लागते आणि गाडी पहाटे पाच-साडेपाचला सुटते. पुढच्या बाकावरच्या दोन जागा आधी जातात. मधल्या रांगेतली खिडकी मागून घ्यावी, कारण सर्वांत मागच्या बाकावर दहा तास बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी कशाच्याही उपयोगाचा राहत नाही.

देश एका घड्याळावर चालतो, पण सूर्य तसा चालत नाही. लोहित खोऱ्यातल्या डोंग या गावी देशातली पहिली सूर्यकिरणे पडतात, आणि हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास सगळीकडे अंधारून येते. मुंबई-पुण्याच्या सवयीने सकाळी दहाला निघणारा प्रवासी निम्मा रस्ता अंधारात कापतो. चारला उठणे, सातला जेवणे आणि आठला झोपणे हे वेळापत्रक पहिल्या दिवसापासून लावून घ्यावे.

रस्त्यावर मिथुन आडवा आला तर गाडी थांबवून वाट पाहावी. दिसायला गव्याच्या कुळातला वाटणारा हा प्राणी रानात मोकळा हिंडतो, तरीही प्रत्येक मिथुनाला मालक असतो आणि तो कानाच्या खुणेवरून आपले जनावर ओळखतो. लग्नातल्या देण्याघेण्यात, बळीत आणि दंडात याच जनावरावर हिशेब होतो. त्याला धक्का लागला तर भरपाई मोठी असते आणि ती जागेवरच ठरते.

७. तवांगला जाणार असाल तर उंचीचा मान राखा

भालुकपोंग जवळजवळ मैदानाच्या पातळीवर आहे, दिरांग सुमारे ५,००० फुटांवर, सेला खिंड १३,७०० फुटांवर आणि तवांग १०,००० फुटांवर. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून खिंडीवरचा बर्फ टाळता येतो, पण बोगदासुद्धा १३,००० फुटांच्या घरात आहे. त्यामुळे एक रात्र दिरांगला काढल्याशिवाय वर जाऊ नये. दिरांगचा तो दिवस फुकट जात नाही, कारण शेजारच्या सांगती खोऱ्यात हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच उतरतात.

१५,२०० फुटांवरच्या बुमला खिंडीसाठी इनर लाइन परमिट पुरेसे नाही. तवांगच्या उपायुक्त कार्यालयाची आणि लष्कराची वेगळी परवानगी लागते, गाडी स्थानिकच करावी लागते, आणि हवामान बिघडले तर सकाळी सगळे रद्द होते. तवांगमध्ये दोन रात्री ठेवण्याऐवजी तीन ठेवाव्यात, त्या याचसाठी.

वाटेवर जसवंतगडला १९६२ च्या चीन युद्धात लढताना पडलेले रायफलमन जसवंतसिंह रावत यांचे स्मारक आहे आणि बहुतेक प्रवासी तिथे थांबतात. थांबावेच. मात्र तवांग म्हणजे केवळ १९६२ एवढेच समजून परतू नये. शुगु शेंग या झुडपाच्या सालीपासून मोन्पा लोक मोन शुगु नावाचा कागद करतात, ज्यावर मठांतले ग्रंथ लिहिले जात. नामशेष होत आलेली ही कला २०२० मध्ये खादी आयोगाने तवांगला केंद्र उघडून पुन्हा उभी केली. साल शिजवून, कुटून, पाण्यात कालवून जाळीच्या चौकटीवर पसरलेला लगदा उन्हात वाळताना पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

८. बस्तीत पाऊल टाकताना

गावाला तिकडे बस्ती म्हणतात, आणि बस्तीत शिरण्याचा परवाना कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही. तिथे आधी गावबुढा, म्हणजे सरकारमान्य गावप्रमुख, किंवा ज्यांच्याकडे राहणार आहोत ते यजमान यांना भेटावे. औपचारिक प्रसंगी गावबुढा लाल कोट घालतो, त्यामुळे ओळखायला सोपा. आदींच्या गावात तंटे केबांग या पंचायतीत मिटतात, आपातानींकडे तेच काम बुलियांग करतात, आणि या संस्थांचा शब्द आजही वजनदार आहे.

वाटेवर आडव्या लावलेल्या डहाळ्या, सोललेल्या बांबूची नक्षीदार कमान किंवा ताज्या पानांचा तुरा दिसला तर पुढे जाऊ नये. पूजेनंतर काही दिवस गाव किंवा घर बाहेरच्यांना बंद असते. मार्च २०२० मध्ये, देशभर टाळेबंदी लागण्याच्या सुमारास, गालो लोकांनी साथ परतवण्यासाठी ‘अली-तेरनाम’ नावाचा विधी करून आपल्या गावांच्या वाटा बंद केल्या होत्या. हा शब्द आणि हा उपाय त्यांच्याकडे फार जुना आहे.

झिरोचे उदाहरण जरा जवळून सांगतो, कारण सर्वाधिक गैरवर्तन मी तिथे पाहिले आहे. आपातानींची गावे दाट वस्तीची, बांबूच्या घरांना घर लागलेली असतात. मध्येच लापांग नावाचा लाकडी फळ्यांचा मोठा कट्टा असतो, म्योकोत उभारलेले बाबो नावाचे उंच खांब दिसतात, आणि गावाबाहेर भातखाचरे पसरलेली असतात. त्या खाचरांत भाताबरोबर मासे वाढवतात आणि बांधांवर नाचणी लावतात. नांगर नाही, बैल नाही, सगळे हातांनी.

वयस्कर आपातानी स्त्रियांच्या नाकपुड्यांत लाकडी चकत्या आणि चेहऱ्यावर गोंदणाच्या रेघा दिसतात. ही प्रथा १९७० च्या दशकात समाजानेच थांबवली, त्यामुळे अशा स्त्रिया आता आजीच्या वयाच्या आहेत. होंग गावात एक आजी लापांगवर बसून बांबूच्या कामट्या काढत होत्या. एका गटाने गाडीतून उतरून, एक शब्द न बोलता, त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर कॅमेरा धरला. आजींनी कामट्या उचलल्या आणि पाठ फिरवून बसल्या. तासाभराने आम्ही तिथेच चुळबुळत उभे असताना त्यांनीच ‘चाय पियेगा?’ असे विचारून घरात नेले. छायाचित्र मी काढले नाही आणि मागितलेही नाही. तुम्हाला हवे असेल तर आधी बसा, बोला, विचारा, आणि नकार मिळाला तर तो तिथेच संपवा.

घरात बसायची जागा चुलीभोवती असते, पण प्रत्येक बाजू कोणाची हे ठरलेले असते. म्हणून यजमान हात दाखवतील तिथेच बसावे. चुलीवर छताला बांबूची दोन-तीन मजली मांडणी टांगलेली असते. सर्वांत खाली मांस, मध्ये मिरच्या आणि धान्य, वर सरपण आणि नव्या टोपल्या, सगळे वर्षानुवर्षांच्या धुराने तुळतुळीत काळे झालेले. तिला हात लावू नये, चुलीत कागद किंवा कचरा टाकू नये आणि चूल ओलांडू नये. आपल्याकडेही आजीने हेच शिकवले होते, फक्त गॅस आल्यावर आपण ते विसरलो.

शब्दांचीही काळजी घ्यावी. ‘आदिवासी’ हा शब्द ईशान्येत मुख्यतः चहामळ्यातल्या कामगार समाजांसाठी वापरतात, म्हणून जमातीचे नाव घेऊन बोलणे उत्तम. ‘तुम्ही चिनी दिसता’ किंवा ‘भारतात कधी आलात?’ ही वाक्ये गमतीनेही उच्चारू नयेत. मठात प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालावी, आणि आत छायाचित्र घेण्याआधी विचारावे. पूल, छावण्या आणि लष्करी गाड्यांचे चित्रीकरण सर्वत्र टाळावे.

९. ताटाची तयारी

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण भात, डाळ आणि उकडलेली लाई, म्हणजे मोहरीची पाने, यांवर समाधान मानावे लागते. तेल आणि मसाला फारच कमी असतो, आणि चव येते ती आंबवलेल्या बांबूच्या कोंबांतून, धुरावलेल्या मांसातून आणि जहाल मिरचीतून. आपल्याकडे पावसाळ्यात वास्ते खाणाऱ्यांना बांबूचा कोंब नवा नाही, मात्र आंबवल्यावर त्याचा वास पहिल्या दिवशी जड जातो. तिसऱ्या दिवशी तोच मागून घेतला जातो. मोन्पांकडे नाचणीच्या किंवा इतर भरडधान्याच्या पिठाचा झान मिळतो. तो आपल्या उकडीचा लांबचा भाऊ आहे, फक्त सोबतीला याकच्या दुधाचे उग्र चीज असते. आपातानी काही वनस्पतींच्या राखेपासून ताप्यो नावाचा क्षार काढतात आणि तो मिठासारखा वापरतात.

पाहुण्यापुढे अपोंग ठेवण्याची रीत मधल्या पट्ट्यात सर्वत्र आहे. तांदळाची किंवा भरडधान्याची ही घरगुती बिअर असते, आणि आदींकडे जाळलेला तूस मिसळून केलेला काळसर अपोंगही मिळतो. पीत नसाल तर पेला दोन्ही हातांनी घेऊन, ओठांना लावून खाली ठेवावा आणि तब्येतीचे कारण सांगावे. कोणी आग्रह धरत नाही. नाक मुरडून नाही म्हटलेले मात्र लक्षात राहते.

१०. रानात जाणार असाल तर

नामदाफा हे १,९८५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान मियाओजवळ आहे. वाघ, बिबट्या, ढगाळ बिबट्या आणि हिमबिबट्या हे चारही तिथे असल्याची नोंद आहे. यातला एकही दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. हुलॉक गिबन या वानराची पहाटेची हाक ऐकू आली तरी फेरी सार्थकी लागली असे समजावे. पाक्के व्याघ्रप्रकल्पात धनेशाच्या चार जाती आहेत. आपल्या कोकणातही दिसणाऱ्या मोठ्या धनेशाची चोच पूर्वी न्यिशी पुरुष वेताच्या टोपीवर मिरवत. आता फायबरच्या चोची वापरतात आणि पाक्केच्या भोवतालचे गावकरीच धनेशांच्या ढोल्या राखतात.

पक्षिप्रेमींना ईगलनेस्ट अभयारण्य ठाऊक असतेच. तिथल्या बुगुन लिओसिक्ला या पक्ष्याचे २००६ मध्ये प्रथम शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांनी. पक्षी इतके थोडे होते की एकही न मारता, पिसे आणि छायाचित्रे यांच्या आधारे ते लिहिले गेले, आणि नाव दिले ते तिथल्या बुगुन लोकांचे. २०१७ मध्ये सिंगचुंगच्या बुगुनांनी आपली १७ चौरस किलोमीटर जमीन या पक्ष्यासाठी समुदाय राखीव क्षेत्र म्हणून दिली. त्या भागात वाटाड्या त्यांच्यातलाच घ्यावा.

११. रुक्मिणीची गोष्ट जपून सांगा

हा सापळा खास आपल्यासाठी आहे. रोइंगजवळ भीष्मकनगर नावाचे पडक्या किल्ल्याचे अवशेष आहेत. रुक्मिणी ही इथल्या राजाची मुलगी होती, आणि इदू पुरुषांचे कपाळावर कापलेले केस ही श्रीकृष्णाने केलेली शिक्षा होती, अशी दंतकथा सांगितली जाते. आपण तर अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानून वाढलेलो. पुरातत्त्वाचे अभ्यासक भीष्मकनगरच्या अवशेषांचा संबंध मध्ययुगीन सुतिया राज्याशी जोडतात.

माझ्या यजमानांपुढे मी मोठ्या उत्साहाने म्हणालो की रुक्मिणी आमची आणि तुमचीही, म्हणजे आपण सोयरे. त्यांनी ऐकून घेतले, थोडे थांबले आणि म्हणाले, ‘वो कहानी बाहर का आदमी ज़्यादा बोलता है. हमारा कहानी सुनना है तो इगू से सुनो.’ इगू म्हणजे इदूंचा पुरोहित. रात्र रात्र चालणाऱ्या त्याच्या मंत्रगायनात इदूंचा सगळा इतिहास साठवलेला आहे. वाघ हा इदूंचा थोरला भाऊ असल्याचे त्याच परंपरेत सांगितले जाते, आणि वाघाला मारणे माणसाला मारण्याइतके घोर मानले जाते. इदूंमध्ये कृष्णाची कथा आपुलकीने सांगणारेही आहेत, पण ती आपण होऊन काढू नये. वाघाबद्दल विचारावे, म्हणजे संध्याकाळ पुरत नाही.

१२. परतीचा दिवस

विमान किंवा रेल्वे पकडायची असेल तर आदला मुक्काम डोंगरात न करता मैदानात करावा. दरड, पंक्चर किंवा रस्त्याच्या कामासाठी लावलेला सुरुंग यांपैकी एक गोष्ट हमखास वाट्याला येते, आणि रस्त्याचे काम चालू असेल तर वाहतूक दोन-तीन तास एका जागी उभी असते. परवान्याची एक प्रत शेवटपर्यंत हाताशी ठेवावी, कारण बाहेर पडतानाही गेटवर ती मागू शकतात.

निघताना यजमान बहुधा काहीतरी बांधून देतात. मला बांबूच्या कोंबाच्या लोणच्याची बाटली मिळाली होती. ती मी हातातल्या पिशवीत ठेवली आणि विमानतळावरच्या तपासणीत गमावली. तुम्ही ती दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, झाकणाला चिकटपट्टी लावून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. वास कपड्यांना लागतोच, आणि दोन धुण्यांनंतर जातो.